बर्फ मोजणाऱ्या कंपनीतली माणसं

हेल्वीताई,

धाकट्या एर्कीचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? शेकोटीजवळ बसतेस ना? (मी बसतो. इथं दुसरं कोण बसणार?)

तळ्यावरचा बर्फ किती जाड आहे ते भोक न पाडता सांगणारं माझं यंत्र तुला ठाऊकच आहे. छोट्या कंपन्यांच्या संशोधनाला सरकार मदत देतं, तिथं मी अर्ज केला. त्यात 'कंपनीत माणसं किती?' असा रकाना होता. माझी बायको मिर्या गेल्यापासून मी एकटाच. पण लिहिलेला तो 'एक' इतका केविलवाणा दिसायला लागला, की मी खोडून 'चार' केला. आठवड्याभरात खात्यातल्या लिन्तुलाबाईंचा फोन, की सगळ्यांना भेटायला येते.

आता तीन माणसं आणायची कुठून? रस्त्यावरचा बर्फ हटवणारा ताइस्तो, निवृत्त टपालवाली सिल्वी आणि तिचा बहिरा नवरा, यांना दालचिनीच्या पावाचं आमिष दाखवून कारखान्यात (म्हणजे आपली गाडी ठेवायची खोली गं) बसवलं. बाईंनी नेमकं ताइस्तोलाच मुख्य संशोधक समजून विचारायला सुरुवात केली. तो हिवाळाभरात दोन वाक्यं बोलणारा माणूस. पण बर्फाचा रंग, त्याचा आवाज, खाली प्रवाह असला की तो कसा फसवतो, यावर अर्धा तास बोलला. बाई भराभर लिहून घेत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही काय करता इथं?"

"कॉफी," मी म्हणालो.

त्यांना गाडीपर्यंत पोचवताना मात्र राहवेना, सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "अहो, एका माणसाची कंपनीसुद्धा नियमात बसते. खोटं कशाला लिहिलंत?" मी त्यांच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला लागलो. मग आकडा दुरुस्त करायला लावून त्यांनी खाली माझी सही घेतली.

आत आलो तर तिघं अजून बसलेलेच. पाव संपले तरी दोन तास बसले. खुर्च्या मी अजून आवरलेल्या नाहीत.

मदत मंजूर झाली. पत्र मोठ्यानं वाचलं, मग घडी घालून ठेवलं.

तुझा
एर्की

ता.क. माझी काळजी करू नकोस, उत्तम चाललंय.

आणखी एक ता.क. यंत्राची चाचणी जानेवारी ते मार्च घ्यायची आहे. अर्जात तुझ्या गावचं तळं लिहिलंय. तुझी वरची खोली रिकामी आहे का? नसेल तर स्वयंपाकघरातलं बाकडंही चालेल. माझ्या घरामागंच तळं आहे हे लिन्तुलाबाईंना कळायला नको. (त्या आल्या तेव्हा बर्फाखाली होतं. त्यांना शेत वाटलं.)