माझ्या ‘कासवा’ची वारस

मी, खाली सही करणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवते. डोके ताळ्यावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. स्वभावाचा दाखला मी मागितलेला नाही.

कलम १. राहते घर आणि बँकेतली ठेव मुलाला व सुनेला समाईक. मतभेद झाल्यास सुनेचे ऐकावे. मुलाला मी वाढवले आहे, मला माहीत आहे.

कलम २. कपडे शिवण्याचे दुकान, यंत्रांसह, माझ्या हाताखाली तयार झालेल्या कारागीर बाईंना. मुलाने त्यावर डोळा ठेवू नये.

कलम ३. खरा पेच धाकट्या बहिणीचा आहे. ती देशाकडून बॅट आणि बॉल दोन्हींनी खेळली, आता त्याच संघाची प्रशिक्षक आहे. माझ्याकडून ती काही म्हणता काही घेत नाही. आईच्या बांगड्या पुढे केल्या तर म्हणाली, “ताई, तू माझ्यासाठी खेळ सोडलास. अजून किती घेऊ तुझ्याकडून?” हेच ती प्रत्येक मुलाखतीत सांगते. लोक डोळे पुसतात आणि माझे डोके फिरते.

म्हणून लेखी सांगते, मी काहीही सोडले नाही. मला दुकान हवे होते, ते मी काढले. तिची जिद्द माझ्यात नव्हती. पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात बोट मोडलेले असताना ती शेवटपर्यंत उभी राहिली आणि सामना वाचवला. मला सुई टोचली तरी मी दुकान बंद करते. पुढे तिच्या गुडघ्याने दगा दिला आणि निवड समितीच्या अध्यक्षांनी साधा फोनही न करता तिला वगळले. तेव्हापासून त्यांच्या घरचे कपडे आम्ही शिवत नाही. कारागीर बाईंनी हा नियम पुढेही पाळावा. धाकटी मात्र कुढत बसली नाही, मुलींना शिकवू लागली. संघ हरला की पत्रकारांसमोर ती एकटी जाते, जिंकला की सर्वांत नवख्या मुलीला पाठवते. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कलम ४. तिचा तो गाजलेला धीमा चेंडू, ज्याला सगळे ‘कासव’ म्हणतात, तो मूळचा माझा. घराशेजारच्या बोळात मी तिला गोलंदाजी करायचे. रेशमी कापड यंत्राखाली सारताना बोटे सैल ठेवतात, तशी ठेवून एकदा चेंडू सोडला. हात जोरात फिरला, चेंडू रेंगाळत आला, आणि तिची बॅट फिरून गेल्यावर स्टंपवर लागला.

“हे काय होतं गं ताई?”

“थांब, परत टाकते.”

परत त्रिफळा. शेवटी तिने हट्टाने तो शिकून घेतला आणि अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्यावरच काढले. एवढ्या गर्दीपुढे मी तर चेंडू दुसरीच्या हाती दिला असता.

सदर चेंडू ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती मी धाकटीला पूर्ण मालकी हक्काने, विनामोबदला देत आहे. तिने तो वाटेल तिला शिकवावा. आता नाकारायची सोय नाही, कारण ताबा आधीपासून तिच्याकडेच आहे.

अट एकच. माझ्या शोकसभेत तिने ‘त्याग’ हा शब्द काढू नये. तिला सर्वांत जास्त वेळा बाद कोणी केले, तेवढे सांगावे आणि खाली बसावे.

साक्षीदार:
१. वर उल्लेखिलेले डॉक्टर
२. शेजारीण, जिच्या खिडकीच्या काचा आम्ही फोडल्या

स्थळ: राहते घर
दिनांक: धाकटीचा संघ दौऱ्यावरून परतण्याच्या आदला दिवस

सही,
लिहून ठेवणारी,
गोलंदाज