गंजाची पुडी

ता. ७ जानेवारी १९३५, अमरावती

दसऱ्यापासून या वहीत एक ओळ नाही. माफी मागायची तर वहीचीच. लिहिण्याजोगं काही घडलं नाही, असं स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मोटारीचं खूळ डोक्यात होतं, आणि ते कागदावर उतरलं की हास्यास्पद दिसेल ही धास्ती.

काल घेतलीच! अकोल्याच्या वच्छलाबाईंची. यजमान खुशालराव सहा वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून गाडी घरामागच्या टिनाच्या शेडात उभी. नऊ वर्षांची जुनी, पण चमक अशी की बॉनेटमध्ये माझी पगडी दिसली. पुंजाराम मिस्त्री बरोबर होता. बाह्या सारून म्हणाला, "खालून पायतो एकडाव." मीच थांबवलं. बाई दारात उभी, डोळ्यांना पदर लावलेला, आणि आपण तिच्या अंगणात लोळून खोट शोधायची? बरं दिसेना. निघताना बाईंनी बॉनेटवर तुळशीचं पान ठेवलं.

रस्त्यात दोनदा बंद पडली. पण आली!

ता. ९

राजापेठेत पुंजारामकडे गाडी उघडली. मागची बैठक काढली, तर खाली पत्रा नाहीच! म्हणजे आहे, पण पापडासारखा. त्याने हातोडी नुसती टेकवली, ती आरपार जमिनीवर.

"वकीलसाहेब, वरून नवरी अन् खालून चायनी!"

दारांचे तळ, पायऱ्या, चासीच्या म्हणजे खालच्या सांगाड्याच्या पट्ट्या — सगळीकडे पापुद्रे आणि चाळणीसारखी भोकं. तळ पुरा कापावा लागणार, दारं खालून नवी, चासीला पट्ट्या ठोकायच्या. "दोन मयने धरा. अन् मी तं म्हनलो होतो, खालून पायतो."

म्हणाला होता. ते ऐकायला नको वाटलं.

गंजाचा भुगा पुडीत बांधून आणला. पुरावा! त्यात चिकटलेली काही वाळकी पानं होती, ती निवडून फेकली.

ता. १०

बाररूममध्ये: "काय हरिहरपंत, मोटार घेतली म्हणे! मग आज टांग्यात?" हसलो. नीट जमलं नाही.

ता. १२

वच्छलाबाईंना नोटीस दिली. "रंगाखाली दोष जाणूनबुजून झाकून, वैधव्याबद्दलच्या सहानुभूतीचा फायदा घेऊन..." गाडी परत न्यावी. अर्ध्या तासात लिहून झाली. भाषा चांगली साधली असंही वाटलं.

बायकोला, कुंदाला, वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्या रडत होत्या म्हणालात ना?"

"तेही नाटक असेल."

आता इथे लिहून पाहतो तर वाक्य फार वाईट दिसतं. आणि मिस्त्रीला मीच अडवलं, हे नोटिशीत कुठे आहे? नाही. अनवधानाने नाही, मुद्दामच नाही.

ता. १४

संक्रांत. दिवसभर तिळगूळ, सगळीकडे गोड बोला! माझी नोटीस आजच अकोल्याला पोचली असेल.

ता. १८

उत्तर आलं. वकिलाकडून नाही. बाईंनी स्वतःच लिहिलंय — मोठी, एकेक काढलेली अक्षरं. तसंच उतरवून ठेवतो:

"गाडी परत पाठवा. तुमचे पैसे होते तसेच फडक्यात बांधून आहेत. पण मी काही झाकलं नाही. हे होते तेव्हा रोज सकाळी गाडी धूत. हे गेले, मग मी धुतली. सहा वर्षं, एक दिवस खाडा नाही. अंघोळ झाली की आधी तुळशीला पाणी, मग गाडीला. बैठकीखालीसुद्धा घागर ओतून, तुळशीपत्र ठेवून. शेडात धूळ बसू दिली नाही. मग गंज कुठून आला? तुम्ही शिकलेले आहा म्हणून विचारते. माझ्या हातून काय राहिलं?"

टेबलाच्या खणातून पुडी काढली. नुसता लाल भुगा. पानं तर मी आधीच निवडून टाकली होती.

संध्याकाळी पुंजारामकडे गेलो. उभ्या गाडीवर रोज पाणी घातलं तर?

"तं असंच होते! चालती गाडी वाऱ्यानं वाळते. उभ्या गाडीच्या पोटात पानी बसते. कोनं घातलं?"

विषय बदलून नव्या पत्र्याचा हिशेब विचारला.

ता. १९

नोटीस लिहायला अर्धा तास. उत्तर लिहायला अख्खी सकाळ!

पहिला मसुदा: गंज हवेमुळे चढला असावा. फाडला. अकोल्याची हवा कशी असते हे बाईंना माझ्यापेक्षा ठाऊक.

दुसरा: दोष खुशालरावांच्या हयातीतलाच असावा. हा जास्त वेळ हातात राहिला, हे कबूल करतो. गेलेला माणूस काही उलट तपासणी घेणार नाही. फाडला.

शेवटी एवढंच: नोटीस मागे घेतो. मिस्त्रीला गाडी तपासू दिली नाही हा माझा दोष. आपल्यावर केलेल्या आरोपाबद्दल क्षमा मागतो. गाडी मी दुरुस्त करून घेईन. पाकीट टपालात टाकलं.

कुंदा: "आणि त्यांनी विचारलं ते?"

"त्याचं उत्तर त्यांना नको."

"त्यांना नको, की तुम्हाला?"

सहा वर्षं एकट्या बाईने जे मनोभावे केलं, त्यानेच गाडी खाल्ली — हे कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि न सांगणं ही दया, की मी स्वतःला दिलेली सूट?

ता. २२

दुपारी वच्छलाबाईंचे दीर, नत्थुजी, लॉरी घेऊन दारात. फडक्यातली पुरचुंडी ओट्यावर ठेवली. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"तुमची चिठ्ठी भेटली. पन वयनी म्हने, ज्या गाडीपायी आपल्याले लबाड म्हटलं, ते त्याइच्या दारात ठेवा नाही. वकीलसाहेब, आमच्या घरी असं कोनी कोनाले फसवत नाही."

गाडी अर्धी कापलेली आहे म्हणालो. "असू द्या. उद्या सकाळी लॉरीमांगं बांधून नेतो. वयनीनं शेड झाडून ठेवलं. म्हने, मिस्त्रीच्या हाती मयली झाली असन बिचारी, आली का पयले पानी टाकतो."

उद्या: नत्थुजींशेजारी लॉरीत बसून अकोल्याला जाणे, आणि बाईंनी घागर उचलण्याआधी बोलणे.