माळ्यावरची खोकी

१५ ऑक्टोबर, बुधवार

यंदा कंपनीने दिवाळीला ट्रॉली बॅग दिली! लाल! चाकणहून निगडीपर्यंत कंपनीच्या बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसलो. शेजारी बसलेला सुजित म्हणाला, "भावा, मुलगा झाला का मुलगी?"

घरी आल्याआल्या माळ्यावर टाकली. न उघडता. तिथे आधीच्या दिवाळ्यांना मिळालेला मिक्सर, कॅसरोल, डिनर सेट — सगळं सीलबंद. खाली झोपलं की कसं निवांत वाटतं. बायको म्हणाली, "वापरायचं कधी?" अडीअडचणीला! पण आमची दीपमाला पडली पुनावळ्याची, सुबत्तेतली. यांच्याकडे आलेली वस्तू संध्याकाळी वापरात.

१६ ऑक्टोबर

ही सवय आईची. बीडला आमच्या फळीवर पत्र्याचा एक डबा असायचा, झाकण सुतळीने करकचून बांधलेलं. घरातलं पीठ संपलं, मी रडायला लागलो, की आई डबा काढून माझ्या कानाशी खुळखुळवायची. "हायत पैसे. भिऊ नगं." आणि डबा परत वर. किती वाईट दिवस आले, पण उघडला नाही! काय बाई! मी मात्र तो आवाज ऐकून गाढ झोपायचो.

५ डिसेंबर

दीक्षाच्या शाळेची सहल. "पप्पा, ती लाल बॅग?" नाही म्हटलं. जुनी सॅक आहे की. चेन तुटलीय, मी सेफ्टी पिना लावून दिल्या. पोरगी सॅक घेऊन आत गेली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

१० डिसेंबर

दीक्षा सकाळी सहलीला गेली. मी शिफ्टला.

११ डिसेंबर, गुरुवार, सुट्टी

राहवेना. लेकरू पिना लावलेली सॅक घेऊन सहलीला! आली की बॅग तिलाच द्यायची, असं ठरवून माळ्यावर चढलो.

खोकं रिकामं. मिक्सरचं रिकामं. कॅसरोलचंही!

दीपमाला खाली शिडी धरून उभी. "बॅग दीक्षानं नेली. आन् मिक्सर तीन वर्षं तुमच्याच चटणीला फिरतोय की!"

मला वाटायचं, तिच्या माहेरचा.

"आणि खोकी कशाला ठेवलीस?"

"तुमाला झोप लागाय नको व्हय?"

तीन वर्षं मी पुठ्ठ्याची राखण केली! भयंकर चिडलोय. उद्या आईला सांगतो, सून कशी फसवते ते.

१२ डिसेंबर

फोनवर आई आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, "लेकरा, त्या डब्यात खिळे व्हते."