गालावरचं वर्तुळ

३ तारीख, दुपार
गालावरची न भरणारी खपली म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या वयाला ऑपरेशनपेक्षा रेडिएशन बरं, दहा सिटिंग, बरे व्हाल. मी शांतपणे ऐकलं. उतरताना जिन्याचा कठडा धरला, पण कठडा असतोच त्यासाठी. फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला, घरच्या फोन नंबरासकट.
संकल्प: हिला कळू द्यायचं नाही. रडून घर डोक्यावर घेईल.

५ तारीख
टेक्निशियनबाईंनी गालावर पेनाने वर्तुळ काढलं. पुसू नका म्हणाल्या, मशीन यावरच लावायचं आहे. हिला सांगितलं, पेन गळलं. ही म्हणाली, बरं. भोळी आहे बिचारी.

७ तारीख
पहिलं सिटिंग. डोळ्यांवर शिशाचं झाकण, दोन मिनिटांत काम संपलं. दुखलं नाही. बाई म्हणाल्या, आजोबा, आता माझा कोट सोडा. सहज धरला होता.

११ तारीख, सकाळी ७
दाढी करताना वर्तुळ पुसलं गेलं. हरकत नाही. चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. कंपास काढला. इतकं सुबक वर्तुळ त्या खोलीत कोणी पाहिलं नसेल. खबरदारी म्हणून जरा मोठंच काढलं.

११ तारीख, दुपार
बाईंनी फोटोशी ताडून पाहिलं. वर्तुळ बोटभर हनुवटीकडे सरकलेलं. सिटिंग रद्द, सगळी मापं पुन्हा. डॉक्टरीणबाईंनी कंपास घरीच ठेवायला सांगितलं. चूक त्यांची. मूळ नकाशाची प्रत मला दिली नव्हती.

१२ तारीख
रेझर सापडत नाही. ही म्हणते, दाढी वाढवा, शोभेल.

१९ तारीख
गाल लालबुंद, आग होते. हिला सांगितलं, ऊन लागलं. ही म्हणाली, बरं. कॉलरचे शर्ट कपाटातून गायब, मऊ बिनकॉलरचे वर आलेत. योगायोग.
भीती वाटते. इथे लिहायला हरकत नाही.

२२ तारीख
दहावं सिटिंग झालं. आज चहाला हिला सगळं सांगणार, एकट्याने कसं सोसलं ते. चार मुद्दे काढले होते.
बाहेर आलो तर कॉरिडॉरमधल्या बाकावर ही, थर्मास घेऊन. टेक्निशियनबाई म्हणाल्या, आजी रोज पुढच्या बसने येतात. पहिल्याच दिवशी वेळ कळवायला आम्ही घरी फोन केला होता.
मी विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, बोलले असते तर तुम्ही रडून घर डोक्यावर घेतलं असतंत.
साफ खोटं. घरी मी अजिबात रडलो नाही. बसमध्येच आटोपलं.