फूल आलं की कळव

साकोली, ९ ऑगस्ट १९७८
आणखी दोन गेले. पान धरून जरा ओढलं तर अख्खं हातात आलं, खाली नुसता लगदा. वास असा की शाळेत फळ्यापुढे उभी असतानाही नाकातून हलेना. नऊपैकी पाच गड्डे उरले. श्रीनगरहून ट्रंकेत, बनियनमध्ये गुंडाळून आणले होते यांनी. तिकडच्या रस्त्याच्या कामावर परत जाताना बसच्या दारात उभे राहून म्हणाले, "आयरिसला फूल आलं की कळव. त्याच आठवड्यात रजा टाकून येतो." त्याला चौदा महिने झाले. रजा नाही, फूल नाही. आणि मी शहाणी, दोन्हींची गाठ मारून बसलेय.

१२ ऑगस्ट
सकाळी बघते तर वाफ्याभोवती बांध! चिखल लिंपून, कोपरे धरून, अगदी नीट. आत टाचभर पाणी आणि पाचही गड्डे पाण्याखाली. सासूबाईंचं काम. माहेर सिहोऱ्याचं, धानाच्या बांधीत पाणी साचलेलं दिसलं नाही की त्यांना जमीन उपाशी वाटते.
"आई, हे धान नाही हो."
"मंग काय आहे? मुळाले पानी नसन तं जगन कसं वं ते? माह्या लेकानं आनलं, मी पाहीन त्याले."
फोडला बांध. त्या पडवीतून बघत होत्या. दोघीही जेवलो नाही.

१७ सप्टें.
पत्र. चार ओळी. रस्त्याचं काम जोरात, थंडी सुरू, लोकरी मोजे मिळाले, काळजी नसावी. सासूबाईंना वाचून दाखवताना पाचवी ओळ मी पदरची घातली: आईचे गुडघे कसे आहेत? लगेच गुडघ्यांवरून हात फिरवायला लागल्या. "इसरला नाही मले पोट्टा." आता दर पत्राला ही ओळ घालणं आलं.
आयरिसचं विचारलेलं नाही. आईची ओळ मी घालते, माझी कोण घालणार?

२६ नोव्हें.
रविवार. दोघींनी मिळून मातीची भर दिली, हळदीला देतात तशी. वर शेणखत. गड्डा कुठून म्हणून दिसायला नको, असं सासूबाई म्हणाल्या, मलाही पटलं. पुष्कळ दिवसांनी आम्ही एका कामाला हात लावला. बरं वाटलं. चार उरलेत.

११ जाने. १९७९
काश्मिरी शालवाला दारी आला. शाली सोडायच्या आधी त्याची नजर वाफ्याकडे गेली. गठ्ठा तसाच ओट्यावर टाकून खाली उकिडवा बसला आणि बोटांनी माती खरवडायला लागला.
"बहनजी, इसको दफ़न क्यों कर दिया? इसकी पीठ को धूप चाहिए, सिर्फ़ नीचे की जड़ मिट्टी में."
दीड वर्ष! दीड वर्ष आम्ही दोघी मायेने त्यांना पुरत होतो. सडणार नाहीत तर काय. पावसाळ्यात पाणी थांबता कामा नये, असंही सांगितलं. थंडी कडक पडली तरच फूल येईल म्हणाला. मग हात झटकत, सहज: "हमारे यहाँ तो ये कब्रों पर लगाते हैं. सफ़ेद भी, बैंगनी भी."
सासूबाईंना हिंदी चांगलं कळतं. तो गेल्यावर म्हणाल्या, "ते तिकडचं तिकडं. आपल्याइथं ते माह्या लेकानं आनलेलं झाड आहे."
यांना माहीत नसेल? तिथेच राहतात, रोज बघत असतील. माहीत असून आणलं? की नसून? दिवसभर हेच. मुलांच्या वह्या तपासल्या, अर्ध्या चुकीच्या तपासल्या असणार.

१४ जाने.
चुलबंद नदीची रेती, विटांचे तुकडे, उंच वाफा. गड्ड्यांचे सडके भाग विळीवर कापले, राख लावली, सुपात दोन दिवस वाळवले. पाठी उघड्या ठेवून लावले. तीळगूळ करायचा राहून गेला.

२० फेब्रु.
शाळेतून आले तर गड्ड्यांवर धानाचं तणस अंथरलेलं, वर ओला बारदाना. "उघडं काहून टाकलंस वं? करपून जाईन ना लेकरू." मी ओरडले. जे बोलू नये तेच बोलले, की तुमच्या लेकाला यायचंच नाही, झाडं काय करणार त्याला. म्हातारीने बारदाना उचलला, पिळला, दोरीवर टाकला. माझी जीभ झडो.

५ मे
ऊन. तीन उरले, पानांची टोकं जळालेली. दुपारी चटईचा आडोसा धरते. दर दोन महिन्यांनी येणारं पत्र या खेपेला नाही.

१८ मार्च १९८०
दहा महिने इथे लिहिण्यासारखं घडलं नाही. पावसाळा तिन्ही गड्ड्यांनी काढला, यातच मी फुशारले होते. थंडी आली तशी गेली. फूल नाही.
सासूबाई आठ दिवस अंथरुणावर. ताप उतरला पण उठत नाहीत. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी विचारतात, "आलं का वं?" मी नाही म्हणते. मग भिंतीकडे तोंड. आज म्हणाल्या, "फूल नाही तं तो कसा येईन?" ही गाठ मी एकटीनेच मारली नव्हती तर.

२० मार्च
केलं. शाळेत जाताना पोस्टात उभी राहून कार्ड लिहिलं. "आयरिसला फूल आलं. आई आजारी आहेत. या." रंग कोणता लिहू? विचारलाच नव्हता कधी. पांढरा लिहिला. पेटीत टाकल्यावर हात आत घालून परत काढावंसं वाटलं. घरी काही बोलले नाही.
येतील ना. खोट्याने आले तरी आलेच की. आल्यावर रागावू देत, मारू देत, काहीही करू देत.

२९ मार्च
रोज दोनच्या बसला फाट्यावर जाऊन उभी राहते. मधल्या सुट्टीत. कुणी विचारलं तर पाहुणे येणार म्हणते.

१२ एप्रिल
उत्तर आलं. उतरवून ठेवते, म्हणजे नंतर मनासारखं बदलता येणार नाही.
"फूल आल्याचे वाचून आनंद झाला. पांढरेच यायचे होते, मी मुद्दाम पांढरे निवडून आणले होते. रजेचे कठीण आहे, पुढच्या वर्षी बघू. आईस औषध देणे. झाडाची काळजी घे."
रंग बरोबर निघाला म्हणून क्षणभर खूश झाले. इतकी गेलेय मी कामातून! मग कळलं. फूल आलं असं समजूनही आले नाहीत. झाडाची काळजी घे म्हणे.
सासूबाईंना फक्त गुडघ्यांची ओळ वाचून दाखवली. ती तर नव्हतीच पत्रात.

३० जुलै
वाफ्याकडे जात नाही. सासूबाई धरून धरून उठतात आता, आणि पाऊस थांबला की वाफ्याच्या कडेची रेती काठीने मोकळी करतात, पाणी निघून जावं म्हणून. बांध घालणारी बाई ती! मी बघते आणि आत येते. उपटून टाकावं, असं आज तीनदा मनात आलं.

७ जाने. १९८१
कधी नव्हती अशी थंडी. घागरीतलं पाणी हाताला चावतं. नाकाडोंगरीकडून आलेल्या बसमधली माणसं घोंगडी पांघरूनच उतरली. सासूबाई शेगडीपाशी बसून म्हणतात, "पडू दे, पडू दे अजून." थरथरत.

१५ फेब्रु.
मधल्या गड्ड्याच्या पानांतून काहीतरी वेगळं वर आलंय. जाड, गोल दांडा. पान नाही ते. मी कुणाला सांगितलं नाही. सासूबाईंनी आधीच पाहिलं होतं, त्यांनीही सांगितलं नव्हतं.

२७ फेब्रु.
उमललं.
तीन पाकळ्या वर मिटून, तीन खाली पडलेल्या, खालच्यांवर पिवळी केसाळ रेघ, दाढीसारखी. आणि जांभळं आहे. उन्हात बघितलं, पदराची सावली धरून बघितलं. जांभळंच. पांढऱ्याचा ठिपकासुद्धा नाही. मुद्दाम निवडून आणले होते म्हणे!
वाफ्यापाशीच बसले. हसू आलं, मग रडू आलं, ते आवरेना.
सासूबाई काठी टेकत आल्या. फुलाला हात लावला नाही. पदराने माझं तोंड पुसलं. त्यांना वाटलं, आनंदाने रडतेय. "पाह्य, मी म्हनत होती ना. लिव आता त्याले. आताच लिव. आता नाही थांबत तो."
दुपारी स्वतःच शेजारणीकडून कार्ड मागून आणलं, दौत-टाक माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसून राहिल्या आहेत. पत्ता लिहून झाला. तारीख लिहिली.
"काहून थांबली वं?"
त्यांना काय सांगू? फूल आलं, हे त्यांच्या लेकाला मी एकदा कळवून चुकलेय.