अण्णा, तुमचा लेथ जांभ्यावर उभा राहिला

प्रिय अण्णा,

काल खंडेनवमी झाली. तुम्ही दरवर्षी त्या बंद लेथला झेंडूचा हार घालायचात आणि बंदरावरची माणसं तोंड लपवून हसायची. काल हार मी घातला. इंजिन सुरू केलं, पट्टा चढवला, आणि अण्णा, तुमच्या लेथनं लोखंड कातलं! अगदी सरळ कातलं! तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडेना, म्हणून सकाळचा चहा झाल्या झाल्या लिहायला बसले आहे.

मुंबईच्या दलालानं झिजलेलं यंत्र आपल्या गळ्यात मारलं, ही बोच घेऊन तुम्ही गेलात. लेथवर कातलेली प्रत्येक सळई एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक निघायची. तुम्ही ती कोपऱ्यात फेकायचात. फसवलं होतं कुठं हो तुम्हाला?

आठवतं, लेथ पडावातून बंदरावर उतरला तेव्हा त्याला पाय नव्हते? बैठकीसाठी तुम्ही परसातला फणस तोडलात. आई म्हणाली, "अहो, लाकूड सुकू दे तरी!" तुम्ही म्हणालात, "घरच्या फणसाला काय होतंय?" आपल्या घराची तुळई फणसाची, दार फणसाचं, देवाचा पाटही फणसाचा, मग लेथचा घोडा तरी दुसऱ्या कशाचा असणार! किती देखणा घोडा केला होतात तुम्ही! पण आईचं तेवढं ऐकायला हवं होतं, अण्णा.

तुमच्या मागे बापूकाकांनी ठरवलं, दसरा झाला की लेथ भंगारात द्यायचा. मी बी. एस्सी. होऊन घरी आले ती हे ऐकायलाच. म्हटलं, "दसऱ्यापर्यंत तो माझा. तोवर सरळ कातला नाही तर खुशाल द्या."

"बीएस्सी झालीस ती लोखंड घासायला काय गो?" काका म्हणाले.

"मग कशाला झाले?" मी म्हटलं. आई चुलीपुढून हसली. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच.

तुमची पाणसळ काढून लेथवर ठेवली. तुम्ही ती नेहमी लांबीच्या बाजूनं ठेवायचात, आणि बुडबुडा मधोमध दिसला की तुमचं समाधान व्हायचं. मी ती आडवी ठेवली. एका टोकाला बुडबुडा मध्यावर आणि दुसऱ्या टोकाला पार कडेला! ओला फणस वाळता वाळता पिळला होता, आणि त्याला बोल्टनं आवळलेला लेथही त्याच्याबरोबर पिळला होता. यंत्र निर्दोष होतं, अण्णा! एकदा, फक्त एकदा ती आडवी का नाही ठेवलीत?

आता बैठक कसली करायची? काकांनी कुठूनसा शिवणयंत्राचा बिडाचा सांगाडा आणला.

"ह्याच्यावर लेथ? मग परकर शिवायचे काय त्याच्यावर?" आई म्हणाली. सांगाडा मुकाट्यानं परत गेला.

लोखंडी पाय मागवण्याचा विचार मीही केला. पण कारखान्याची जमीन शेणामातीची. पाय कितीही भक्कम असले तरी पावसाळ्यात एखादा खचणारच. म्हणून कातळ लागेपर्यंत जमीन खणायला लावली. "विहीर काढतेस काय गो?" काका रोज विचारायचे. कुंपणाशी कित्येक पावसाळे खाऊन टणक झालेले जांभ्याचे चिरे होते, ते चुन्यात बसवले. जांभ्यात बोल्ट सैल होतील म्हणून वर काळ्या दगडाची लादी घातली, आणि तिच्या भोकांत शिसं ओतून बोल्ट पक्के केले. चुना वाळेपर्यंत कुणाला लेथला हात लावू दिला नाही. तुमची मुलगी असूनही इतका धीर माझ्यात कुठून आला, कोण जाणे!

लेथ वर चढवला तरी बुडबुडा किंचित हललाच. एका पायाखाली पितळेची पातळ पट्टी सरकवली, बोल्ट आवळला, पुन्हा पाहिलं. पट्टी बदलली, पुन्हा पाहिलं. शेवटी दोन्ही टोकांना बुडबुडा मधोमध थांबला आणि मी एवढ्या जोरानं ओरडले की आई पीठमाखल्या हातांनी धावत आली.

काल संगमेश्वरच्या भातगिरणीचा शाफ्ट कातला. काकांनी जाडी मोजायचा कॅलिपर हिसकावूनच घेतला. एका टोकाला लावला, दुसऱ्या टोकाला लावला, शाफ्ट फिरवून पुन्हा लावला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ह्यातलं पहिलं टोक कुठचं नि दुसरं कुठचं, मला तर कळेनासं झालं गो!"

भंगारवाला एक दिवस आधीच, काल संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला. काकांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "आमच्याकडे भंगार नाही हो काही. माझ्या भावाचं यंत्र आहे ते."

अण्णा, तुम्ही फसला नव्हता, हे बंदरावर हसलेल्या प्रत्येकाला बोलावून मी दाखवीन. या कारखान्यात अजून यंत्रं येतील, मी आणीन. पण यंत्र पडावातून उतरण्याआधी त्याचा पाया कातळावर बसलेला असेल, हा तुम्हाला माझा शब्द.

तुमची हट्टी लेक,
इंदू