तिनाची टोकं

४ मार्च

विकला! मला न विचारता! ‘सडपातळ’—मी दोन वर्षं घासून काढलेला फॉन्ट—मालकांनी औषधांच्या कंपनीला देऊन टाकला. बाटल्यांच्या लेबलांसाठी! अहो, तो नाटकाच्या पोस्टरसाठी काढलाय. कंपासचा गोल दोन्हीकडून दाबायचा, कुशी सरळ करायच्या, वर-खाली फक्त अर्धा गोल राहू द्यायचा. हातभर उंच असला की बघत राहावं. तांदळाच्या दाण्याएवढा केला की संपलं सगळं. मालक म्हणतात, कमी जागेत जास्त मजकूर बसतो, त्यांना तेच हवंय. डोकं फिरलं माझं.

६ मार्च

मालकांशी दोन दिवस अबोला. त्यांच्या लक्षातही आलेलं नाही!

२८ मे

आत्याच्या खोकल्याच्या नव्या औषधावर माझा फॉन्ट. तिला कोण कौतुक! मला लहानाचं मोठं तिनंच केलं, त्यामुळे माझं सगळंच तिला थोर. शेजारणीला मुद्दाम बोलावून बाटली दाखवली. मग मला म्हणते, अक्षरं जेवलेली दिसत नाहीत गं, पोटं पार खपाटीला गेलीत. मी उगाचच फणकारले तिच्यावर. राग मालकांचा, निघाला तिच्यावर.

२ जून

आत्या न्हाणीघरात पडली. मनगट मोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध जास्त गेलंय, त्याची गुंगी. तीन मिलीच्या जागी आठ—पाच दिवस, रोज! स्वतःच मापानं ओतून घेत होती.

बाटली उजेडात धरली. इंग्रजी तीनच आहे. पण त्याची दोन्ही टोकं आत वळलेली, मधली फट शाईनं बुजलेली. मलाही आधी आठच दिसला. मला!

मालकांना सोडत नाही आता.

३ जून

मालकांकडे गेले. टेबलावर बाटली आपटली. तोंडाला येईल ते बोलले. सगळं ऑफिस ऐकत होतं, ऐकू दे!

 ते उठले, कपाटातून फॉन्टच्या नमुन्याचा जुना कागद काढून पुढ्यात ठेवला. मीच केलेला. अगदी तळाशी ओळ: ‘बारीक आकारातही सहज वाचता येतो.’

आठवलं. खाली जागा मोकळी राहिली होती, डोळ्यांत खुपत होती, म्हणून काहीतरी भरलं. बारीक छापून कधी बघितलंच नाही.

“मी यावर विसंबलो,” एवढंच म्हणाले.

घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या घातल्या. तेवढ्यानं काय होतंय! मनगट तिचं मोडलंय.

५ जून

आत्या आज नीट बोलली. मी विचारलं, आकडा कळत नव्हता तर शेजारणीला का नाही विचारलंस? चांगल्या हातानं पदर सावरत म्हणाली,

“तुझं अक्षर मला लागत नाही, असं तिला कसं सांगू?”